वाफेचं मशीन: भांड्यात काय आहे?

“घरात वाफेचं मशीन आहे, औषध मात्र संपलंय. नुसतं पाणी घालून लावलं तर चालेल का?”

रात्रीचे साडेदहा, मुलाची छाती सूं-सूं वाजतेय, औषधाचं दुकान बंद व्हायच्या बेतात. अशा वेळी काउंटरवर हमखास विचारला जाणारा हा प्रश्न. उत्तर आहे: नाही, चालणार नाही. त्यामागचं कारण समजलं की नेब्युलायझर, म्हणजे हे मशीन, वापरण्याचे आणि राखण्याचे बहुतेक नियम पाठ न करताही लक्षात राहतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हे कारण कळणं जास्तच गरजेचं आहे. इथे वस्ती आणि रासायनिक कारखाने एकमेकांना खेटून आहेत. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी उल्हासनगरच्या वडोलगावाजवळ वालधुनी नदीत कुणीतरी रसायन ओतलं. त्यातून उठलेल्या वायूने शेकडो रहिवाशांना उलट्या, मळमळ झाली आणि धाप लागली. ३ जून २०२१ च्या रात्री दहाच्या सुमारास बदलापूरच्या शिरगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून वायू गळला. आसपासच्या लोकांचे डोळे चुरचुरू लागले, श्वास घेणं जड झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथमध्ये रात्री रस्त्यांवर रासायनिक धूर पसरला आणि लोक नाकातोंडाला रुमाल लावून चालू लागले. ज्याला आधीच दमा आहे त्याची श्वासनळी अशा हवेत चटकन आवळते. म्हणून या गावांत ज्या घरात दमेकरी आहे, तिथे हे मशीन फ्रिजइतकंच सवयीचं झालेलं दिसतं.

१. वाफ नव्हे, तुषार

आपण नेब्युलायझरला ‘वाफेचं मशीन’ म्हणतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो. पातेल्यात पाणी उकळून डोक्यावर टॉवेल घेतला की जी येते ती वाफ. पाणी तापतं, त्याचा वायू होतो आणि पाण्यात विरघळलेलं मीठ किंवा औषध पातेल्यातच राहतं. खारट पाणी उकळा, झाकणावर जमलेले थेंब चाखा. ते गोडे असतात.

नेब्युलायझर काहीही उकळत नाही. तो द्रवाचे बारीक थेंब करतो, त्यात जे काही मिसळलं असेल त्याच्यासकट. इस्त्रीवाला कपड्यावर पाण्याचा फवारा मारतो तसाच हा प्रकार, फक्त थेंब कितीतरी पटींनी लहान. याचा अर्थ असा की भांड्यात औषध असेल तर औषध फुफ्फुसात जाईल, नळाचं पाणी असेल तर त्यातला क्लोरिन, क्षार आणि जंतूही जातील. वाफेचं पातेलं मळ मागे ठेवतं. नेब्युलायझर तो मळही थेंबात घालून आत पोचवतो.

ही कल्पना जुनी आहे. १८५८ मध्ये फ्रान्समध्ये साल-जिरों या वैद्याने हातात नेता येईल असा फवारा तयार केला होता. सायकलच्या पंपासारखा दांडा मारून तो औषधी पाण्याचे तुषार उडवायचा. आजची यंत्रं वेगळी दिसतात, काम तेच करतात.

२. केवढा थेंब?

आपला एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फुफ्फुसाच्या आतल्या नळ्यांपर्यंत पोचायला थेंब १ ते ५ मायक्रॉनचा हवा.

असं का, ते लोकलवरून समजतं. गाडी भरधाव असताना वळण आलं की दाराशी उभा असलेला वजनदार माणूस बाहेरच्या बाजूला फेकला जातो. श्वासाच्या वाटेतही असंच होतं. घशाशी मोठं वळण आहे. जड थेंब तिथेच भिंतीवर आपटतात. पुढे श्वासनळीला फाटे फुटतात, जशी कल्याणनंतर एक वाट कसाऱ्याला जाते आणि एक कर्जतकडे. छातीत असे फाटे वीसहून अधिक वेळा फुटतात. प्रत्येक फाट्यावर आणखी काही थेंब गळतात. ५ मायक्रॉनहून मोठे थेंब बहुतांशी तोंडात आणि घशात थांबतात. १ मायक्रॉनहून लहान थेंब इतके हलके असतात की बरेचसे तरंगत आत जातात आणि तसेच श्वासाबरोबर बाहेर येतात.

आकाराचा हिशेब एकदा करून पाहावा. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की त्यात मावणारं औषध दुप्पट होत नाही, आठपट होतं. १० मायक्रॉनचा एक थेंब घशात अडकला, तर ५ मायक्रॉनच्या आठ थेंबांचं औषध वाया गेलं. भांडं घाणेरडं असलं, छिद्र झिजलं किंवा हवेचा दाब कमी पडला की थेंब मोठे होतात. मशीन चालू दिसतं, धुकंही दिसतं, पण छातीत पोचत नाही.

३. कोणतं मशीन काय करतं

घराघरांत जास्त दिसतो तो कंप्रेसरवाला. ठोकळ्यातली मोटर हवा दाबते, नळीतून ती भांड्याच्या बारीक तोंडातून जोरात निघते आणि सोबत औषध वर ओढते. औषध फुटून थेंब होतात. समोर एक छोटा अडथळा असतो. मोठे थेंब त्याच्यावर आपटून पुन्हा खाली पडतात, लहान तेवढे पुढे जातात. आवाज मोठा, वजन जास्त, पण राकट यंत्र. जवळपास सगळी औषधं त्यात चालतात.

दुसरा प्रकार अल्ट्रासॉनिक. वेगवान कंपनांनी द्रवाच्या पृष्ठभागावरून तुषार उडतात. यात औषध थोडं तापतं. शिवाय बुडेसोनाइडसारखं, म्हणजे पाण्यात विरघळलेलं नसून बारीक कणांच्या रूपात तरंगणारं औषध यात नीट उडत नाही. पाणी उडतं आणि औषध भांड्यात राहतं.

तिसरा प्रकार मेश, म्हणजे जाळीचा. तळहातावर मावतो, बॅटरीवर चालतो, जवळजवळ आवाज करत नाही. त्यात हजारो सूक्ष्म छिद्रांची एक पत्री असते आणि ती सेकंदाला लाखभर वेळा थरथरते. शेवेच्या सोऱ्यातून पीठ बाहेर पडतं तसं छिद्रांतून औषध बाहेर पडतं. सोऱ्याची चकती तशीच सुकू दिली तर दुसऱ्या दिवशी काय होतं, हे ज्याने दिवाळीचं फराळ केलंय त्याला सांगावं लागत नाही. जाळीचंही तेच. फरक एवढाच की चकती टाचणीने मोकळी करता येते, जाळीला टाचणी, ब्रश किंवा बोट लावलं की ती कायमची बिघडते.

कल्याणहून सुटणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये पिशवीत न्यायला, किंवा बदलापुरात पावसात वीज गेली तर वापरायला मेश उपयोगी. रोज दोन-तीनदा, वर्षानुवर्षं वापरायचं असेल तर कंप्रेसर स्वस्त पडतो. बॅटरीवाला घेतला तर महिन्यातून एकदा तरी चार्ज तपासायचा. ऐन वेळी लाल दिवा दिसला तर उपयोग काय?

४. औषध किती भरायचं?

कंप्रेसरच्या भांड्यात कितीही वेळ मशीन चालवलं तरी थोडं औषध तळाशी आणि भिंतीला चिकटून राहतं. साधारण १ मिलिलिटर धरू.

रेस्प्यूल, म्हणजे प्लास्टिकची ती मोडून उघडायची छोटी कुपी, समजा अडीच मिलिलिटरची आहे. ती एकटीच भांड्यात ओतली तर अडीचपैकी एक मागे राहिलं. दीड बाहेर आलं. म्हणजे ६० टक्के. आता त्यातच २ मिलिलिटर सलाइन घातलं. एकूण साडेचार झालं. आताही मागे राहतं एकच, पण ते एक आता पातळ झालेलं आहे. साडेचारपैकी साडेतीन बाहेर, म्हणजे सुमारे ७८ टक्के औषध. मात्रा वाढवली नाही, तरीही रुग्णाला जास्त मिळालं. यासाठीच डॉक्टर पुष्कळदा ‘सलाइन मिसळून एकूण तीन-चार मिली करा’ असं सांगतात. मेश यंत्रात मागे राहणारा भाग फार थोडा असतो, त्यामुळे त्यात हे करण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्या औषधाबाबत काय करायचं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच लिहून घ्यावं.

सलाइनच का, पाणी का नाही? आपल्या श्वासनळीच्या आतल्या ओलाव्यात मीठ असतं. ०.९ टक्क्याचं सलाइन त्याच्याशी जुळतं. साधं पाणी, अगदी डिस्टिल्ड पाणीसुद्धा जुळत नाही. दम्याच्या रुग्णात त्यानेच खोकला उठतो आणि नळी आणखी आवळू शकते. घरी मीठ कालवून सलाइन बनवू नये. ते जंतुविरहित नसतं आणि प्रमाणही चुकतं. उघडलेली सलाइनची बाटली आठवडाभर कपाटात ठेवून वापरण्यापेक्षा छोट्या सीलबंद कुप्या बऱ्या.

५. मास्क, तोंड आणि रडणारं बाळ

भांडं सरळ धरायचं, रुग्णाला बसवायचं. आडवं झोपवून लावलं तर औषध एका बाजूला जातं आणि मशीन नुसतीच हवा फेकतं. सावकाश, नेहमीसारखा श्वास घ्यायचा. पाच ते दहा मिनिटांत भांडं थुकल्यासारखा तुटक आवाज करू लागतं. भांड्यावर एकदा टिचकी मारायची, थेंब खाली येतात. मग बंद.

ज्याला ओठांत नळी धरता येते त्याने मास्कपेक्षा नळी वापरावी. नाकात औषध अडकत नाही. लहान मुलांना मास्क लागतोच, पण तो गालाला टेकलेला हवा. ‘रडतंय म्हणून जरा लांबूनच धरलं’ हे अनेक घरांत चालतं. मास्क दोन-तीन सेंटिमीटर लांब गेला की छातीत पोचणारं औषध झपाट्याने घटतं. रडतानाही तसंच, रडणारं मूल लांब श्वास सोडतं आणि चटकन एक छोटा श्वास घेतं. आजीच्या मांडीवर बसवून, गोष्ट सांगत लावलेली पाच मिनिटं ही रडत घेतलेल्या पंधरा मिनिटांहून मोलाची.

स्टेरॉइडचं औषध असेल तर झाल्यावर चूळ भरायची आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. इप्राट्रोपियम असलेलं औषध डोळ्यात जाऊ देऊ नये, काचबिंदू असलेल्यांनी तर मुळीच नाही.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. साध्या किंवा मध्यम त्रासात स्पेसर (तोंड आणि पंप यांच्यामधला पोकळ डबा) लावलेला पंप, म्हणजे इनहेलर, नेब्युलायझरइतकंच काम करतो. ‘मशीन म्हणजे मोठं औषध, पंप म्हणजे छोटं’ ही समजूत चुकीची आहे. स्पेसरला वीज लागत नाही, धुणं सोपं असतं आणि तो शाळेच्या दप्तरात मावतो.

६. धुण्याचा क्रम

ओलं, कोमट, बंद भांडं म्हणजे जंतूंचं घर. स्युडोमोनाससारखे जंतू ओलाव्यात सुखाने वाढतात आणि पुढच्या वेळी थेंबांवर बसून थेट फुफ्फुसात उतरतात. धुण्याला चार पायऱ्या आहेत.

पहिली, प्रत्येक वापरानंतर. हात धुवायचे. भांडं, झाकण, आतला छोटा शंकू, मास्क सुटे करायचे. उरलेलं औषध ओतून टाकायचं. ‘संध्याकाळी कामाला येईल’ म्हणून ठेवायचं नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवायचं.

दुसरी, खळबळून काढायचं. शेवटचं पाणी उकळून गार केलेलं असावं.

तिसरी, वाळवायचं. पाणी झटकायचं आणि स्वच्छ कागदी रुमालावर सुटे भाग मांडायचे. हात पुसायच्या फडक्याने पुसायचं नाही. जुलैत इथे काहीच वाळत नाही, ही खरी अडचण. तेव्हा झटकून झाल्यावर भांडं नळीला जोडून रिकामं मशीन मिनिटभर चालवावं. हवेने आतलं पाणी निघून जातं. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय डब्यात बंद करू नये.

चौथी, दिवसातून एकदा निर्जंतुक करायचं. भाग उकळता येतात असं माहितीपत्रकात असेल तर पाच मिनिटं उकळावेत. नाहीतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच मिनिटं किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये तीस मिनिटं बुडवून, नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळावेत. व्हिनेगरवर विसंबू नये. एका वेळेला एकच पद्धत. दोन रसायनं मिसळायची नाहीत.

हवेची लांब नळी पाण्याने धुवायची नसते. आत ओल दिसली तर भांडं काढून मशीन काही मिनिटं चालवायचं. कंप्रेसरच्या अंगावरचा फिल्टर करडा झाला की बदलायचा. ज्या घराच्या खिडकीशी रस्त्याची किंवा कारखान्याची धूळ येते तिथे तो लवकर करडा होतो. मशीन गादीवर ठेवू नये, पांघरुणाने हवेची वाट बुजते आणि मोटर तापते. भांडं साधारण सहा महिन्यांनी नवं घ्यावं, तडा दिसला तर लगेच. एकाचं भांडं दुसऱ्याला देऊ नये. मशीन घरात एक चालेल, भांडी आणि मास्क ज्याचे त्याला.

७. तेल का नको?

सर्दीवरच्या वासाच्या कॅप्सूल, निलगिरीचं तेल, कापूर. गरम पाण्यात हे घालणारे हात नेब्युलायझरच्या भांड्याकडेही वळतात. तेल फुफ्फुसात गेलं की पाण्यासारखं शोषलं जात नाही. सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. तिथे सूज धरते. नाकात घालायच्या तेलकट थेंबांमुळे होणारा असा न्यूमोनिया १९२५ मध्येच लाफलेन या डॉक्टरांनी नोंदवला होता.

याची सर्वांत मोठी आणि वेदनादायक साक्ष २०१९ मध्ये अमेरिकेत मिळाली, आणि ती नेब्युलायझरमधून नाही, वेप पेनमधून, म्हणजे ई-सिगारेटमधून. वेप पेन वरवर मेश मशीनचा भाऊ वाटतं: खिशात मावतं, बॅटरीवर चालतं, धुकं देतं. आतलं काम उलटं आहे. तारेचं वेटोळं तापतं, २०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर जातं, तेल उकळून वायू होतं आणि बाहेर येताना गार होऊन पुन्हा थेंब बनतं. त्या उष्णतेत मूळ पदार्थ मोडून नवी रसायनं तयार होतात. वेटोळ्यावर साचलेला जळकट साका त्यात भर घालतो. वेटोळं कितीही घासून पुसलं तरी तेल तापणं आणि मोडणं थांबत नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात धडधाकट तरुण धाप लागून अमेरिकेतल्या रुग्णालयांत येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाले किंवा दगावले, मृत्यू ६८. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली, बेकायदा बाजारातली कार्ट्रिज ओढली होती. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतला द्रव तपासला, त्यातल्या ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. अर्क दाट दिसावा म्हणून घातलेलं तेल! पोटात घेतलं तर निरुपद्रवी, त्वचेला लावलं तर निरुपद्रवी, फुफ्फुसात प्राणघातक.

गांजा आणि दमा यांचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसची ग्रिमो कंपनी गांजाच्या ‘इंडियन सिगरेटी’ दम्यावर विकायची. पुढे नळी सैल करणारी खात्रीची औषधं आली आणि धूर घेऊन दमा बरा करायची वेळ उरली नाही.

आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा चरसाच्या व्याख्येतच हशीश तेल आणि तसा घट्ट अर्क धरतो. बाळगणं, विकणं, वापरणं गुन्हा आहे. २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं बंद केलं. निकोटिन नाही ही सबब तिथे चालत नाही. मात्र ई-सिगारेटच्या व्याख्येतून औषध कायद्याखाली परवाना असलेली उत्पादनं वगळली आहेत. नेब्युलायझर हे परवान्याच्या कक्षेतलं वैद्यकीय उपकरण आहे, म्हणून खरेदी करताना परवाना क्रमांक आणि बिल मागावं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नेब्युलायझरच्या व्यापारी नफ्यावर काही काळासाठी ७० टक्क्यांची मर्यादाही घातली होती. मुलाच्या खिशात वेप पेन सापडलं तर आधी ओरडायच्या ऐवजी ‘छातीत दुखतंय का, धाप लागते का’ हे विचारावं आणि डॉक्टरांना काय ओढलं ते लपवू नये. स्वतःहून उपचाराला आलेल्या व्यसनी माणसासाठी त्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ चं संरक्षण आहे.

८. मशीन कुठे थांबतं

‘मशीनची सवय लागेल का?’ हा दुसरा नेहमीचा प्रश्न. नशेची लागते तशी सवय लागत नाही. धोका वेगळा आहे. सालब्युटामोलसारखं औषध आवळलेली नळी काही तास सैल करतं, आतली सूज कमी करत नाही. आठवड्यात दोनाहून जास्त वेळा त्याची गरज पडू लागली तर रोजचं सूज उतरवणारं औषध बदलायला हवं.

वायू गळला असेल तर मशीन लावत घरात बसायचं नाही. आधी वाऱ्याच्या आडव्या दिशेने त्या जागेपासून दूर जायचं. घरातला कंप्रेसर खोलीतलीच हवा ओढतो. तो प्राणवायू देत नाही.

एक वाक्य बोलताना मध्येच थांबावं लागतं, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल सुस्त पडतं, किंवा औषधाचा आराम तीन-चार तासही टिकत नाही. यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करायचा, किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचं रुग्णालय गाठायचं. उल्हासनगरात कॅम्प तीनचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथमध्ये छाया रुग्णालय. मशीनच्या डब्यावर एक कागद चिकटवून ठेवावा: औषधाचं नाव, मात्रा, सलाइन किती, भांडं कधी बदललं. खाली रिकाम्या दोन ओळी सोडाव्यात. निघताना त्यात शेवटचं औषध किती वाजता दिलं ते लिहायचं, रिकामी कुपी पिशवीत टाकायची आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्यायचा.